माया

पहिल्यांदा वाटलं, डासच चावला.
मांडीवर, मशीनच्या पायट्यावर जो पाय असतो त्याच्याच.
तिसऱ्या दिवशी सुपारीएवढं झालं,
चौथ्या दिवशी निगवेकर डॉक्टरांनी चिरलं
आणि आतलं थोडं काडीवर घेऊन बाटलीत घातलं.

रिपोर्टात औषधांची नावं एकाखाली एक,
पुढं आर, आर, आर, आर,
पार खाली दोन एस.
मी ते गिऱ्हाइकाचं माप वाचावं तसं वाचलं.
"औषधाला दाद देत नाही," डॉक्टर म्हणाले,
"पण दोन आहेत अजून."
दोन आहेत अजून.
हे वाक्य मी राजारामपुरीपर्यंत रिक्षातनं
हातात धरून आणलं, मांडीवर न ठेवता.

कुठनं आलं?
सीपीआरमध्ये दीरांच्या उशाशी सात रात्री काढल्या, तिथनं?
तालमीतली पोरं मापाला म्हणून
जुना लंगोट न धुताच टाकून जातात, तिथनं?
का माझ्याच नाकात होतं, कधीपासनं, गुमान?
डॉक्टर म्हणाले, असू शकतं.
तिन्हीला म्हणाले, असू शकतं.

निघताना त्यांनी बॉलपेननं
लालीच्या अगदी कडेनं रेघ ओढून दिली.
"रेघेबाहेर गेलं तर लगेच फोन करा."
तीस वर्षं कापडावर खडूनं रेघा मारते मी.
रेघेवर कधी कापत नाही.
बाहेर दीड इंच सोडायचं असतं,
बाई सुटली, बाळंत झाली, तर उसवून वाढवायला.
त्याला आमच्यात माया म्हणतात.
ह्या रेघेला माया नव्हती.

बरं झालं. मग दोन महिन्यांनी काखेत आलं.
तेही गेलं.
आता साडेतीन महिने काही नाही,
आणि ह्या काही नाहीला
मी रोज आंघोळीच्या वेळी
बोटांनी चाचपून बघते.

मुल्लाणी भाभी रंकाळ्यावर भेटतात,
"बरं झालं न्हवं?"
हो म्हणावं तर खोटं.
नाही म्हणावं तर त्यांच्या पोरीच्या लग्नाचे
नऊ ड्रेस दुसरीकडं जातील.
मी म्हणते, "वाळलंय."

टॉवेल वेगळा, खुंटी वेगळी.
टेप स्पिरिटनं पुसून पुसून
त्यावरचा सव्वीस उडालाय,
पंचवीसनंतर थेट सत्तावीस.
सव्वीस कंबरेच्या पोरी आता मी अंदाजानं शिवते.
बसतंय.

आणि अशात केतकी आली,
अकरा दिवसांची लेक घेऊन, माहेरी.
डॉक्टरांना फोन केला. "घेऊ का तिला?"
"हात धुवा. जखम असली तर झाकलेली ठेवा. घ्या की."
"आणि नाकात असंल तर?"
पलीकडं कुणीतरी खोकलं, पेशंट असेल.
"असंल. नसंल. पोर घ्या, काकू."

झबलं जुन्या लुगड्याचं करतात, मऊ म्हणून.
मी नवं मलमल आणलं,
दोनदा उकळलं, कडक इस्त्री केली,
उलटसुलट, पुन्हा उलट.
तान्ह्याच्या कपड्याला शिवण आत नसते.
टोचू नये म्हणून
सगळी माया बाहेरच्या अंगाला ठेवायची.
हे मला आईनं शिकवलं होतं,
मी शेकड्यानं शिवलीत तसली,
आणि त्या दिवशी दाबपट्टीखाली ते कापड
पुढं सरकेचना.

रात्री न्हाणीत दिव्याखाली
पोटरीवर एक लाल ठिपका दिसला.
डास असू शकतो. तळ्याकडनं येतात ह्या दिवसांत.
बॉलपेन घेतलं.
रेघ ओढली, पण जरा लांबनं,
चारी बाजूंनी दीड इंच सोडून.
डॉक्टर हसतील.

बाहेरनं केतकी ओरडली,
"आई, हिला धरतीस का जरा? ओकली माझ्यावर."
"आले," म्हणाले,
आणि नळ सोडला.